माझ्या हातचं कोणी खाईना

किस्से मी जमवत नाही. ते आपले आपण चालत येतात, दुकानाच्या काउंटरला टेकतात आणि म्हणतात, "भाऊ, तुम्हीच ना ते?" मग पुढचा अर्धा तास गेलाच समजा. आधी मी हसायचो, मग चिडायचो. आता गिऱ्हाइकाला खुर्ची देतो आणि म्हणतो, बोला, तुमचंही होऊन जाऊ द्या.

पिंप्राळ्यात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. पण गाव मला ओळखतं ते आवाजावरून. रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली जाहिरात फिरते ना, तिच्यातला आवाज बरीच वर्षं माझा आहे. साड्यांचा सेल, सर्कस, मोतीबिंदूचं शिबिर, उद्या पाणी येणार नाही, सगळं मीच. जुन्या नाटकवाल्या ओळखीतून एकदा पुण्याहून फोन आला. प्राचीन रोमवरची एक परदेशी मालिका मराठीत येणार होती, तिच्यातल्या सिनेटर ड्रुससला आवाज हवा होता. मी म्हटलं, सिनेटर म्हणजे आपल्या आमदारासारखा कोणी असेल. दोन शब्द बोलेल आणि बसेल खाली.

तो कसला बसतो! सेनापती लुसियन हा मालिकेचा हीरो, अख्ख्या खान्देशाचा लाडका, आणि ड्रुसस त्याचा लंगोटीयार. या लंगोटीयाराने त्याला घरी जेवायला बोलावलं, शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने अंजीर भरवलं. अंजिरात विष. भरवताना तो म्हणतो, "घे मित्रा, माझ्या हातचं खा." हे वाक्य मी इतक्या मायेने म्हटलं की स्टुडिओतल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता. गाढव होतो मी.

तो एपिसोड लागला त्याच आठवड्यात आमची भरीत पार्टी होती. शेतात, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, मिरच्यांसोबत ठेचायची, कळण्याच्या पुरीबरोबर खायची. दरवर्षी वाढायचं काम माझं. त्या दिवशी मी पळी घेऊन पंगतीत उतरलो, तर पहिल्यानेच पत्रावळीवर हात आडवा धरला. "आत्ता नको भाऊ, पोट भरलंय." अजून पुरी वाढायची होती आणि याचं पोट भरलेलं. दुसऱ्याने हात धरला, तिसऱ्याने धरला. शेवटी माझा दोस्त सलीमभाई उठला, माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाला, "तू बस. मी वाढतो." त्याच पातेल्यातलं भरीत मग सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं.

मी वैतागून सलीमभाईला म्हटलं, "अरे, वांगी मीच भाजलीत."

"माहीत आहे," तो म्हणाला, "म्हणून तर मी अजून खाल्लं नाही."

*

सलीमभाई टेलर आहे. या मालिकेने माझी अब्रू नेली आणि त्याचा धंदा वाढवला, असं मला वाटायचं. कॉलेजच्या गॅदरिंगला रोमन पोशाख, वाढदिवसाला रोमन पोशाख, एका नवरदेवाला तर घोडीवर लाल झगा पाहिजे होता. मी म्हटलं, तुझी चांदी आहे लेका.

तो माझ्यावरच उखडला. "कसली चांदी? मी मालिका नीट बघितली. त्या लोकांना बाही नाही, कॉलर नाही, खिसा नाही. अख्खं कापड घेतात आणि अंगाला गुंडाळतात. कापायचं नाही, शिवायचं नाही. एवढं मोठं साम्राज्य आणि मी काय त्याचा नुसता फॉल-पिको करू?"

*

मध्ये पाइपलाइनचं काम निघालं. भोंगा फिरला, "उद्या पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी पाणी भरून ठेवावे." आवाज अर्थात माझा. आमच्या मागच्या कॉलनीतल्या एकाही घराने बादली भरली नाही. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले आणि दुपारी दुकानासमोर सात-आठ बायका उभ्या.

मी म्हटलं, "वहिनी, मी स्वच्छ सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं म्हणूनच नाही भरलं," पुढची म्हणाली. "आम्हाला वाटलं, हा नाही म्हणतोय म्हणजे नक्की येणार. खरं सांगायचं होतं तर दुसऱ्या कोणाच्या आवाजात सांगायचं ना."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरातले दोन हंडे त्यांना दिले आणि वर मलाच ऐकवलं की चूक तुमची आहे.

*

चोपड्याकडचे एक नाना केळीच्या बागेसाठी नळ्या घ्यायला यायचे. एकदा नळ्या घेऊन झाल्या तरी हलेनात. मग मोबाइल पुढे केला. "भाऊ, एक काम करा. ते अंजिराचं वाक्य याच्यात बोलून द्या. फक्त अंजीर नका म्हनू, केळी म्हना."

"कोणासाठी?"

"धाकल्या भावासाठी. बांधावरून वाद चालू आहे आमचा. त्याले जरा धाक बसला पाहिजे."

मी नको नको म्हटलं. पण पाच एकराचं गिऱ्हाईक, शेवटी बोललो. "घे भावा, माझ्या बागेतली केळी खा." नानांनी तिथेच पाठवून दिलं आणि खुशीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तर एक अनोळखी माणूस पायरीवर बसलेला. चेहरा ओळखीचा वाटला. नानांचा धाकटा भाऊ! मला वाटलं, आता कॉलर धरतो.

त्याने मोबाइल पुढे केला. "भाऊ, याचं उत्तर पाठवायचं होतं."

*

लुसियन मेल्यावर आमच्या चौकात फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली", मध्ये चिलखत घातलेला लुसियन, त्याच्या गळ्यात चंदनाचा हार, आणि खाली ओळीने मित्र मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. शोकाकुल. एकाने तर मोबाइल कानाला लावलेला फोटो दिला होता, जणू बातमी नुकतीच कळली आहे.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. चौकात शोकसभा ठेवली आहे, रिक्षा फिरवायची आहे, आवाज द्या.

माझं डोकं फिरलं. "अरे, विष घातलं ते मीच, आणि आता श्रद्धांजली पण मीच देऊ?"

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, काही झालं तरी तुम्ही त्यांच्या जवळचे होते."

*

घरी तरी शांतता असेल, तर तेही नाही. एका रात्री जेवताना मी सगळ्या गावाचा राग भाकरीवर काढत होतो. लोक मूर्ख आहेत, मालिका आणि माणूस यांतला फरक कळत नाही, वगैरे वगैरे. शैला शांतपणे वाढत होती. मी म्हटलं, "निदान तू तरी बोल काहीतरी. तुला तरी कळतं ना, मी तसा नाही?"

"कळतं ना," ती म्हणाली. "तो निदान गोड बोलून भरवतो. इतक्या वर्षांत मला कधी म्हणालात, घे, माझ्या हातचं खा?"

मी मुकाट्याने भाजी वाढून घेतली.

*

इथवर सगळं सहन केलं मी. पण पुढे गोष्ट पोरीवर आली, तेव्हा मात्र हसू आटलं.

पल्लवी, माझी एकुलती एक, दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करते. तिथेच धुळ्याचा निखिल तिच्याबरोबर कामाला आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, दोन्ही घरं भेटली, पत्रिकेचा प्रश्न नव्हता, देण्याघेण्याचा नव्हता. निखिलची बदली चंद्रपूरला होणार होती, म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत साखरपुडा उरकायचा असं ठरत आलं होतं. राहिला होता फक्त अक्काचा होकार. अक्का म्हणजे निखिलची आजी. त्या घरात चहात साखर किती घालायची हेसुद्धा अजून अक्का ठरवते.

आणि अक्का ती मालिका बघायची. रोज, आठ वाजता, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून.

एक दिवस निखिलच्या आईचा फोन आला. बिचारी बोलताना अडखळत होती. "भाऊ, राग मानू नका. सासूबाईंना कळलं, तो आवाज तुमचा आहे. त्या म्हणतात..." तेवढ्यात मागून अक्काचाच आवाज आला, खणखणीत अहिराणीत.

"ज्यानी दोस्तले जेवाडीसन मारं, त्याना घरनी पोर आपले नको!"

मी फोनवर अर्धा तास समजावलं. ते नाटक असतं, तो तिकडचा गोरा माणूस, मी फक्त त्याचं तोंड हलताना बोललो. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो मरी, मंग दखसूत." म्हणजे ड्रुसस जिवंत आहे तोवर सोयरीक नाही.

आता माझी गोची बघा. शेवटचे भाग मी कधीच रेकॉर्ड करून आलो होतो. ड्रुससचं काय होतं ते मला पूर्ण माहीत होतं. पण करारावर सही होती, लागायच्या आधी कोणाला एक शब्द सांगायचा नाही. घरातही नाही. आणि चॅनलवाले मेले दर शनिवारी-रविवारी सुट्टी घेत होते, मध्येच जुनेच भाग दाखवत होते. इकडे आखाजी जवळ येत होती. निखिल आजीला समजावून थकला होता. पल्लवी जेवताना बोलेनाशी झाली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. आपल्या गळ्यातून निघालेल्या एका वाक्यासाठी पोरीचं लग्न अडावं, याला काय म्हणायचं?

एका सकाळी ती दुकानात आली, काउंटरला टेकली, अगदी त्या बाकीच्या गिऱ्हाइकांसारखीच. आजूबाजूला कोणी नाही हे बघून हळूच म्हणाली, "बाबा, मी कारण विचारत नाही, कसं तेही विचारत नाही. एवढंच सांगा. तुम्ही मरता ना?"

मी नळ्यांचं बंडल उचललं आणि मान हलवली. वर-खाली. करारात मान हलवण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

*

शेवटचा भाग लागायचा त्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. अक्कानेच बोलावलं होतं. "माझ्यासमोर बसून बघा" असा निरोप होता. सोबत पेढे घेतले. शैला म्हणाली, पेढ्याचा पुडा माझ्याजवळ राहू द्या, तुमच्या हातात बरा दिसत नाही.

आठ वाजले. अक्का टीव्हीच्या पुढ्यात, तिच्या शेजारी मला बसवलेलं. पल्लवी आणि निखिल मागे भिंतीला टेकून उभे, जणू निकाल लागणार होता. लागणारच होता म्हणा.

ड्रुससचं मरण मोठं वाईट लिहिलंय. त्याची फितुरी उघडी पडते, नोकर पळून जातात, मित्र कोणी उरलेला नसतो. मोठ्या वाड्यात एकटाच जमिनीवर पडून तो पाणी मागत राहतो. "पाणी... कोणी आहे का? एक घोट पाणी द्या." हे बोलायचं होतं म्हणून स्टुडिओत मी सकाळपासून पाणी प्यायलो नव्हतो, घसा पार सुकवला होता. ते आता धुळ्याच्या त्या खोलीत माझं मलाच ऐकू येत होतं. ऐकवेना. मी मान खाली घातली. म्हटलं, आता एकदाचा मर बाबा, पोरीचं लग्न होऊ दे.

तो मेला. पाणी न मिळता मेला.

अक्का टीव्हीकडे बघत बसली होती. मग पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून कितीतरी वेळ माझं तोंड न्याहाळलं.

"पानी आन," ती सुनेला म्हणाली.

निखिलच्या आईने तांब्याभर पाणी आणलं. अक्काने तांब्या घेतला आणि आपल्या हाताने माझ्यापुढे धरला. "मरनाराले पानी देवो. तो कसा बी राहो. पे."

काय सांगू, माझा घसा खरोखरच सुकला होता. मी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायलो. मागे पल्लवी मुसमुसत होती. शैलाने कधी नव्हे तो माझ्या पाठीवर हात ठेवला.

अक्काने टीव्ही बंद केला. "आते तो मरी गया," ती म्हणाली. "बठ्ठं मिटनं. तू आते आमना व्याही शे. तोंड गोड कर आमनं."

शैलाने पुडा सोडला. मी पेढा उचलला. डोळ्यांत पाणी होतं. तसाच पुढे सरकून तो अक्काच्या तोंडाजवळ नेला.

अक्काने माझं मनगट धरलं आणि निखिलच्या आईकडे वळवलं.

"पह्यले मनी सुनले दे."