रीस्टार्टला नाही म्हटलं तो दिवस

वळ गावातल्या ज्या गोदामात आई पॅकिंगला होती, त्याच गोदामाच्या वरच्या ऑफिसात मला नोकरी लागली. मालाच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. आईला एवढंच कळायचं, की पोरगी एसीत बसते.

सणाआधीची गर्दी होती. एका दुपारी खालचे स्कॅनर एकाएकी अडकले. बारकोडवर धरले, की पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. दारात ट्रक खोळंबलेले, पॅकिंगच्या बायका हात बांधून उभ्या. मॅनेजर धापा टाकत वर आले.

"सर्व्हर रीस्टार्ट कर. मागच्या वेळी तसंच केलं होतं."

मागच्या वेळी सगळं चालू झालं होतं खरं, पण अडलं कशाने ते कुणालाच कळलं नव्हतं.

"नको सर. थोडा वेळ द्या, कारण शोधते."

"आणि ट्रकवाल्यांना काय सांगू?"

"चहा पाजा."

डेटाबेसमध्ये त्या घडीला काय काय चाललंय, ते मी पडद्यावर काढलं. सर्व्हरवर ताण नव्हताच. स्टॉकच्या भल्यामोठ्या टेबलापाशी स्कॅनरच्या नोंदी रांगेत थांबल्या होत्या. कोण कुणासाठी थांबलंय हे बघत मागे मागे गेले, तर रांगेच्या तोंडाशी एकच काम निघालं. हिशेबातल्या काकांनी स्टॉकची दुरुस्ती उघडली होती आणि ती तशीच अर्धवट ठेवून ते जेवायला गेले होते. दुरुस्ती संपेपर्यंत त्या मालाच्या नोंदींना कुणी हात लावू शकत नव्हतं. मी त्यांना फोन लावला.

"काका, तुमची दुरुस्ती रद्द करू? परत करावी लागेल."

"कर बाई, कर. मला काय ठाऊक, एवढं अडेल!"

मी तेवढं एकच काम बंद केलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून स्कॅनरचं एक टुं आलं, दुसरं आलं, आणि बघता बघता अख्खं गोदाम वाजायला लागलं. मी खुर्चीतच सरळ झाले.

उघडी राहिलेली दुरुस्ती थोड्या वेळाने आपोआप रद्द होईल, अशी सोयही मी संध्याकाळपर्यंत करून टाकली.

शिफ्ट सुटल्यावर अंजूर गावाकडे जाणाऱ्या रिक्षात आईच्या पॅकिंग लाइनवरची एक भाभी म्हणाली, "आज मशीन किसने ठीक किया?"

"मेरी लडकी ने," आई ठसक्यात म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "तूच केलंस ना गो? न्हायतर उद्या माझं हसं व्हायचं."

"मीच केलं!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की रिक्षावाल्यानेही आरशातून बघितलं.