देव काढले, ऑम्लेट राहिलं

साताऱ्याच्या स्टँडवर माझी मैत्रीण म्हणाली, "माझ्या घरी तुझ्या ताईचं कळलंय," आणि तिथंच माझं सगळं बदललं. तिच्या घरच्यांना भेटायचं म्हणून सांगलीहून नवा शर्ट घालून गेलो होतो. तिनं मला स्टँडच्या बाहेरसुद्धा येऊ दिलं नाही...

ताईचं म्हणजे काय, तर आम्ही पलूसचे जैन आणि माझ्या ताईनं इस्लामपूरच्या मुसलमान मुलाशी लग्न केलंय. आमच्या दोन्ही घरांनी ते केव्हाच पचवलं. साताऱ्याला ते अजून पचायचं होतं.

परत आल्यावर एका सरांशी भांडलो, वर्गाचं दार आपटलं आणि कॉलेजच सोडलं. आता ताईकडंच असतो. दाजींच्या फर्निचरच्या दुकानात बसतो आणि साताऱ्याची ती ऑनलाइन दिसते का बघत राहतो. लय कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर.

ताईची पोरगी सारा, नऊ वर्षांची. गेल्या वर्षी शाळेत पोरं तिला रोज विचारायची, तू नक्की कुणातली? तिनं वर्गात मोठ्यानं वाचणंच बंद केलं. मग ताईनं तिला शाळेतून काढलं. गणित, विज्ञान सारा स्वतःचं स्वतः करते, कुणी शेजारी बसलेलंही तिला चालत नाही. अडलं ते भाषेपाशी.

तर मी मोकळा म्हणून भाषेचा कोर्स शोधायचं काम माझ्याकडं आलं. अट एकच, त्यात कुणाचाच देव नको. दोन्ही आज्यांनी पास केला तरच तो घरात येणार. साराचं नावसुद्धा असंच ठरलं होतं, दोघींनी हो म्हटल्यावर.

शोधायला लागल्यावर कळलं... एका कोर्सचा पहिला धडा प्रार्थना, दुसरा व्रत. एका ॲपमध्ये प्रत्येक अक्षराला एक सण. होमस्कूलिंगच्या ग्रुपवर विचारलं तर एक बाई म्हणाल्या, संस्कारांशिवाय भाषा कशी शिकवणार? मी असं काही उत्तर दिलं की मला ग्रुपमधून काढलं.

बरेच दिवस त्यात गेले. दाजी कधी चिडत नाहीत, पण तेही शेवटी म्हणाले, या रविवारी ठरलं नाही तर जूनपासून परत शाळा. सारा तिथंच बसली होती. ती जेवायची थांबली.

शेवटी एक कोर्स सापडला. परदेशातला, कुणीतरी मराठीत आणलेला. वाचन, शुद्धलेखन, गोष्ट लिहिणं, सगळं मुलानं आपलं आपण करायचं. मी सगळ्याच्या झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलं. त्यात मराठी करणाऱ्यानं घातलेले दोन-तीन सणांचे धडे होते, ती पानं एकमेकांना स्टेपल करून टाकली. म्हटलं, झालं. आयुष्यात एक तरी काम पूर्ण केलं गड्या.

रविवारी पलूसहून आई आली. साराची दादी, म्हणजे दाजींची आई, घरातच असते. दोघी सोफ्यावर बसून एकेक पान बघत होत्या. मी समोर उभा, तोंडी परीक्षेला उभं राहावं तसा.

निम्म्यात आल्यावर दादी थांबल्या. चिखलात लोळणाऱ्या डुकराच्या पिल्लाची गोष्ट होती, रंगीत चित्रासकट. पुढच्याच पानावर कृती लिहायला शिका म्हणून ऑम्लेट. तिथं आई थांबली.

"देव तेवढं काढलंस," आई म्हणाली, "आणि खाणं तसंच ठेवलंस व्हय रं?"

दादी म्हणाल्या, "आवं, पोरगं दमलंय, त्याला काय बोलू नका. पण हे डुक्कर न्हाई चालायचं."

इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदा इतकं एकमत झालं असेल, आणि ते माझ्या विरोधात. कान तापले माझे. म्हणणार होतो, घाला पोरीला शाळेत आणि मोकळं करा मला. ताईनं ड्रॉवरमधून स्टेपलर काढला. ती पानंही बंद करून टाकायची, दुसरं काय.

सारानं डुकराच्या चित्रावर हात ठेवला.

"मी नुसतं वाचणार हाय," ती म्हणाली. "खाणार न्हाई."

ताईनं स्टेपलर खाली ठेवला. मग सारानं सणांच्या पानांना मी मारलेल्या पिना नखानं उचकटायला घेतल्या. एक निघेना. नख दुखलं तरी ती सोडेना...

आई बघत होती. तिनं आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि साराच्या हातात दिली. म्हणाली, "हिनं काढ. कागद फाडू नगंस." दादींनी वही सरळ धरली, पोरीला सोपं जावं म्हणून.

स्टेपलची पिन निघाली. सारानं डुकराचं पान परत काढलं आणि वाचायला लागली. मोठ्यानं. वर्षभरानंतर. मध्येच अडखळली की दोघी एकदम शब्द सांगायच्या आणि ती दोघींनाही गप्प करायची, "मला येतंय."

ताई स्वयंपाकघरात गेली. मला माहितीय, डोळे पुसायला गेली ती.

साताऱ्याच्या त्या घराला मला एवढंच दाखवायचं होतं. ताईचं कळलंय म्हणता ना, मग हे कळू द्या. मेसेज लिहायला मोबाईल काढला. तिचा डीपी बघितला... आणि परत खिशात टाकला. आज नको. दमलोय.

चपला घातल्या. आत गोष्टीतलं पिल्लू चिखलातून बाहेर येत होतं, दादी हसत होत्या. बाहेर पडलो आणि एरवी आपटतो ते दार हळूच ओढून घेतलं. सारा वाचत होती ना.