वखारीतून निघताना

इतिहासाच्या पुस्तकातून डोकं वर काढत भाचीनं विचारलं, “मावशी, वखार म्हणजे काय गं?”

“माल साठवायची जागा,” मी म्हटलं.

शब्द मुळात कुठून आला, कोण जाणे. माझ्याकडे तो लाकडांच्या वासासकट आला. गावात बंबासाठी लाकडं वखारीतूनच आणायची. आम्ही निघालो की वखारवाले काका म्हणायचे, “परत या हं.” बाबा गेले त्या सकाळी मात्र त्यांनी काही न विचारता सुकी, जाड लाकडं गाडीत भरली. सवयीनं मी म्हटलं, “येते, काका.”

त्यांचा चेहरा उतरला. “आज ‘जाते’ म्हण, पोरी.”

हा अर्थ कोशात नसतो. भाचीलाही मी तो सांगितला नाही. तिनं दप्तर आवरलं, चपला घातल्या. “जाते गं, मावशी.”

“येते म्हण!” मी केवढ्यांदा तरी ओरडले.