मुरुमकरांचा पहिला शॉट

अहाहा, काय तो आवाज! पंचाक्षरी मुरुमकर नाटक कंपनीत लागला पडदे ओढायला आणि झाला नायक. अणदूरच्या जत्रेत तो पद म्हणणार म्हटलं की लोक लांबून गाड्या जुंपून यायचे. टाळ्या-शिट्ट्या पडल्या की वन्स मोअर आलाच, आणि गडी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू! निजामाच्या मुलखात त्याला एका पदावर कुणी सोडलंच नाही.

मुरुम गावात वडिलांचं, शरणबसप्पांचं, कापडाचं दुकान. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीनं पंचाक्षरीला बोलावलं, तेव्हा वडील गादीवरूनच गरजले, "होगप्पा, जा! पर तिथनं हाकललं तर मुकाट दुकानात बसायचं. नाटक बी बंद, गाणं बी बंद. कबूल?"

"कबूल, आप्पा," पंचाक्षरी म्हणाला, आणि त्यानं बोचकं बांधलं.

स्टुडिओत राजाचा पोशाख, डिंकानं चिकटवलेली झुबकेदार मिशी. कॅमेरा फिरला, पंचाक्षरी गायला, आणि दिवे सांभाळणाऱ्या गड्यांनी न राहवून टाळ्या वाजवल्या. झालं! बहाद्दरानं वन्स मोअर समजून पद पुन्हा पहिल्यापासून धरलं, वर नवी तान! लढाईमुळं फिल्म मिळायची मारामार, आणि ती अशी भुर्रकन चाललेली.

"अहो मुरुमकर, हा काय जत्रेतला तंबू आहे?" डायरेक्टर कडाडले. "आता एकदाच. चुकलात तर सरळ गावाकडं!"

दुसऱ्यांदा तो जीव ओतून गायला. शेवटचा सूर विरला, आणि सगळा स्टुडिओ चिडीचूप. टाळी नाही, शिट्टी नाही, साधी वाहवा नाही! डायरेक्टर तर पाठ फिरवून रेकॉर्डिंगवाल्याशी कुजबुजत होते. नाटकवाल्याला या शांततेचा एकच अर्थ ठाऊक: आपण पडलो. पंचाक्षरी खाली मान घालून रंगपटात गेला, मिशी उपटून फेकली, पोशाख उतरवला आणि बोचकं बांधायला बसला. संपलं गाणं! आता जन्मभर लुगडी मोजायची.

तेवढ्यात डायरेक्टर धावत आले. "अहो, मिशी का काढली?"

"पडलो न्हवं म्या? एक टाळी बी न्हाय वाजली!"

"टाळी वाजवाल तर घरी पाठवीन, असा दम मीच भरला होता त्या दिवेवाल्या गड्यांना! शॉट पास झालाय. पुढचा घ्यायचाय, चला लवकर!"

पंचाक्षरी ढसाढसा रडला, आणि रडत रडतच कोपऱ्याकोपऱ्यात मिशी शोधू लागला.