घरमालकीणबाईंच्या भावाचं भाषांतर

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका इटालियन विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी घरी. पुण्यात चार वर्षं घोकून शिकलेल्या माझ्या जर्मनला मिशिगनमध्ये कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

एका उन्हाळ्यात बाईंचा धाकटा भाऊ बायकोला घेऊन जर्मनीहून आला. बाई लग्न होऊन अमेरिकेला आल्या, त्याच सुमारास हा इटलीतलं गाव सोडून जर्मनीतल्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. बहीणभाऊ पंचवीस वर्षांनी भेटत होते.

"त्याला तिकडे राहायला व्हिसा कुठला लागतो?" मी बाईंना विचारलं.

बाईंनी भावाला विचारलं. तो खो खो हसला. बाईंनी त्याचं उत्तर मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "म्हणतो, इटली-जर्मनी दोन्ही कॉमन मार्केटात, आम्हाला कसला आलाय व्हिसा? खिशात ओळखपत्र, हातात बॅग. आज इकडे, उद्या तिकडे."

मला आमची ग्रीन कार्डची गलेलठ्ठ फाइल आठवली. पोटात दुखलंच जरा.

भावजयीला जर्मनशिवाय काही येत नव्हतं आणि बाईंना जर्मनचा गंध नव्हता, त्यामुळे दोघींच्या मधला दुभाष्या भाऊच. रविवारी बाईंनी आम्हा दोघांना मागच्या अंगणात जेवायला बोलावलं. जेवता जेवता भावजय तावातावानं नणंदेला म्हणाली, "रिटायर झाल्यावर इटलीतल्या गावी जाऊ म्हणतो हा. दिवसातून एक बस येते तिथे! मी मुळीच जाणार नाही. तुम्ही मोठ्या बहीण, तुम्हीच समजवा त्याला."

भावानं ते सगळं गोड आवाजात इटालियनमध्ये सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलंस का?" त्या मला म्हणाल्या. "म्हणते, गावी घर बांधू, मला तिथलीच ओढ आहे. किती गुणाची भावजय!"

मला ठसका लागला. मी नवऱ्याला मराठीत खरा प्रकार सांगितला.

"तू मध्ये पडू नकोस यार," तो म्हणाला. साहजिकच होतं. परवाच त्यानं फोनवर माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं, "ती तर पुण्याला परतायला एका पायावर तयार आहे." मला कुणी विचारलं नव्हतं.

इतक्यात बाई आत जाऊन आईचं तांब्याचं पातेलं घेऊन आल्या. "गावच्या नव्या घरासाठी," म्हणत त्यांनी ते भावजयीच्या हातात दिलं. भावानं बायकोला सांगितलं, "आपल्या स्वयंपाकघरात शोभेल म्हणते." ती बिचारी 'डांके, डांके' म्हणत आभार मानत राहिली.

मग मात्र माझ्यानं राहवेना. "ते पातेलं गावातल्या घरासाठी आहे," मी तिला जर्मनमध्ये म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझी एकही विभक्ती चुकली नाही.

भावाच्या हातातला काटा तसाच राहिला. भावजय आधी माझ्याकडे पाहत राहिली आणि मग नवऱ्याकडे वळली. पुढचे तीन दिवस खालच्या स्वयंपाकघरात माझी नेमणूक झाली. ती जर्मनमध्ये बोलायची, मी इंग्रजीत सांगायची, बाई इटालियनमध्ये भावाला झापायच्या. तो बिचारा कान पाडून बसायचा.

तिसऱ्या दिवशी तो आधी जर्मनमध्ये आणि मग इटालियनमध्ये म्हणाला, "दरवर्षी गावी सांगत आलो, पुढच्या वर्षी परत येतो. खोटं तरी किती वर्षं बोलणार?"

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग हळूच मला म्हणाल्या, "हिला सांग, चूक माझीही आहे. मी स्वतः काही परत जाणार नाही. पण आपलं कुणीतरी तिथे असावं, असं वाटायचं, म्हणून मीच त्याच्या मागे लागायची."

मी शब्दन् शब्द सांगितला. भावजयीनं उठून नणंदेला जवळ घेतलं. "वर्षातले तीन महिने येईन," ती म्हणाली. "पण घर बस थांबते तिथेच पाहिजे."

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं सुट्टीत गावी गेली, तेव्हा बाईही महिनाभर तिथे जाऊन आल्या. परतल्यावर मी विचारलं, "आता दुभाष्याचं काम कोण करतं?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "ती इटालियन शिकतेय. चाळीस शब्द येतात. त्यातले तीस माझ्या भावाला ओरडायचे."