मानापायी मान

आमच्या घरात एक सून होती, ती सकाळी उठून सासऱ्याला लाथ मारायची आणि सासरा तिला आशीर्वाद द्यायचा. ही माझी मोठी जाऊ, मनकर्णाबाई. खोटं वाटत असेल तर गंगापूरच्या बाजूला कुणालाही विचारा. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोक आधी ऊस म्हणतात आणि मग मनकर्णाबाईची लाथ.

जाऊबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं, ते त्यांचे पाय आधी आले. पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण निघते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. पण पायाळूवर वीज पडते, हेही तेच पोरगं सांगतं. त्यामुळं गुण घ्यायला दारात गर्दी, आणि सून करून घ्यायला कुणी नाय, अशी त्यांची गत होती. आभाळ भरून आलं की बरोबरीच्या पोरी त्यांच्यापासून चार हात लांब पळायच्या.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. जाऊबाई माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. त्या सतरा वर्षांच्या झाल्या तेव्हा आमचे सासरे, पुंजाराममामा, थोरल्या मुलासाठी त्यांना बघायला गेले. मामांची कंबर कायमची धरलेली. त्याआधी दोन मुली बघून झाल्या होत्या, एक गोरी आणि एक सातवी पास. मामांनी दोघींना नकार दिला. इथं मात्र चहा झाला, पानसुपारी झाली, पोरीला नाव विचारलं, आणि आता चालून दाखव म्हणतील असं सगळ्यांना वाटत असताना मामा जाजमावर पालथे झाले.

पोरीच्या बापाला घाम फुटला. होणाऱ्या व्याह्याला लेकीनं लाथ मारायची म्हणजे काय! त्यानं हात जोडले, मला पापात पाडू नका म्हणाला. मामा म्हणाले, मारल्याशिवाय उठत नाय. शेवटी त्या पोरीनं एका हातानं खांब धरला, पदर दातात घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं, पार खांद्याच्या मागं. थोरल्या माणसाला आपला पाय लागतोय हे आपल्या डोळ्यांना दिसायला नको म्हणून. आणि न बघता तीन लाथा मारल्या. मग खाली वाकून मामांच्या पाया पडली.

मामा उठले, कंबर हलवून बघितली आणि म्हणाले, "लाथ बरी हाय. पण पोरगी मर्यादेची हाय."

सोयरीक तिथंच झाली. पुढं मामा जन्मभर हा किस्सा सांगायचे. लाथेचं कौतुक एकदा करायचे, फिरवलेल्या तोंडाचं दहादा.

मी लग्न होऊन आले तेव्हा जाऊबाईंच्या दारात रोज सकाळी चार-पाच माणसं तरी बसलेली असायची. तोंडात पाण्याचा थेंब न घेता यायचं, तरच गुण येतो, असा नेम होता. गाडीवान यायचे, ऊसतोडीवाले यायचे, एकदा तर वैजापूरच्या बाजूचे एक कीर्तनकार आले. माणूस थोर असो की हमाल, जाऊबाई खांब धरायच्या, तोंड फिरवायच्या, तीन लाथा मारायच्या आणि पाया पडायच्या. लोकांना ते फार आवडायचं. दुसऱ्या गावात एक पायाळू गडी होता, तो तोंडात विडी धरून मारायचा. त्याच्याकडं कोण जातंय! घेणं काही नव्हतं. कुणी नारळ ठेवायचं, कुणी तेवढाही नाय.

एका माणसानं मात्र ती लाथ कधी घेतली नाही. तो म्हणजे त्यांचा नवरा, माझे मोठे दीर कारभारी. त्यांची कंबरही बापावर गेलेली. पण बायकोची लाथ खाल्ली असं गावानं म्हणू नये म्हणून ते वर्षातून दोनदा जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्या विडीवाल्याकडं जायचे. जाताना कंबर धरून जायचे, येताना जीपच्या हादऱ्यानं आणखी धरून यायचे. जाऊबाई त्यांना पाणी द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

आता दुखण्याचं सांगते. जाऊबाईंना अर्धशिशी होती. दिवस कासराभर वर आला की डावं अर्धं डोकं ठणकायला लागायचं, डोळ्यापर्यंत यायचं, आणि दुपार कलली की उतरायचं. पंचावन्न वर्षं. घरातली चार-चार लग्नं झाली, सगळी सकाळच्या मुहूर्तावर. जाऊबाई त्या वेळी अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं आवळून पडलेल्या. नवरा-नवरी बाहेरून नमस्कार करून जायचे. सुंठ उगाळून लावली. सिल्लोडहून ताईत आणला. कुणी सांगितलं म्हणून दिवस उगवायच्या आत दुधात जिलबी खाल्ली, तीन महिने. जाऊबाई अंगानं भरल्या, डोकं होतं तसंच राहिलं.

पण त्यांना त्याचं फार दुःख नव्हतं, कारण आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूनं, त्याचा उलगडा पहिल्याच वर्षी करून ठेवला होता. लोकांच्या कमरेतलं दुखणं निघतं ते जातं कुठं? पायातून चढतं आणि तुझ्या डोक्यात जाऊन बसतं. पुण्याचं दुखणं हाय, सोस. जाऊबाईंनी ते मनावर घेतलं. ज्या दिवशी माणसं जास्त, त्या दिवशी डोकं जास्त, हा हिशेब बरोबरच लागत होता. डोकं फार ठणकलं की त्या मला म्हणायच्या, आजचा तो गाडीवान लई जड होता बघ. आणि तोंडावर समाधान असायचं.

त्यांची सून आशा औरंगाबादला सिडकोत राहते. आता पाटीवर संभाजीनगर आहे, पण आमच्या जिभेला अजून सवय नाय. आशाच्या लेकीचं लग्न ठरलं, मुहूर्त सकाळी दहाचा. तिनं येऊन सासूला सांगितलं की नातीच्या अक्षतांना तरी तुम्ही मांडवात पाहिजेत, आणि क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मानेचा एक नवा डॉक्टर आलाय, तो डोक्यावर इलाज करतो. दुखतंय डोकं आणि डॉक्टर मानेचा, हे आम्हाला कळालं नाही. वर आशानं सांगितलं की तो मान मोडतो. हे ऐकून कारभारीभाऊ इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या बाजूनं बोलले, म्हणाले, काही नको, आहे ती मान राहू दे.

जाऊबाई म्हणाल्या, "मान मोडली तर मोडली. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात मला."

मी सोबतीला गेले. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते मी अक्षर-अक्षर लावून वाचलं: का-य-रो. पुढचं जोडाक्षर मला येईना. जाऊबाई म्हणाल्या, आपल्याला बघून विचारतोय का काय, काय रो म्हणून.

डॉक्टर मुकुंद म्हणून होता, नातवाच्या वयाचा. त्यानं फोटो काढायला लावला मानेचा, तो उजेडाला धरून बघितला, आणि सांगितलं की या वयात मी कडकड काही करणार नाही, हळू दाबून बघू. जाऊबाईंचा हिरमोड झाला. एवढी तयारी करून आल्या होत्या मोडून घ्यायची. मग त्यानं विचारलं, आजी, मान एकाच बाजूला ओढल्यासारखी झालीय, तुम्ही रोज काय काम करता? जाऊबाई म्हणाल्या, काही नाही, आता सुना करतात. दळण, धुणं, डोक्यावर हंडा, सगळं विचारून झालं, त्याचं समाधान होईना. शेवटी मीच म्हणाले, अहो, लाथ सांगा की.

त्याला पायाळू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ऐकून हसला नाही, हे त्याच्या आईबापाचं पुण्य. म्हणाला करून दाखवा, आणि स्वतःच पाठ करून उभा राहिला. जाऊबाईंनी टेबलाची कड धरली, पदर दातात घेतला, तोंड फिरवलं खांद्याच्या मागं आणि दिली. डॉक्टर समोरच्या कपाटाला जाऊन टेकला. वळून म्हणाला, पुन्हा एकदा, पण आता मला पाय नाही, मान बघायचीय. या खेपेला आशाला पाठ करून उभं केलं आणि मोबाइलवर हलतं चित्र घेतलं.

मग ते जाऊबाईंना दाखवलं. त्यांनी स्वतःला लाथ मारताना कधी बघितलं नव्हतं, बघणार कशा? पाय उठतो तेव्हा मानेला हिसडा बसतो, दोरीनं गाय मागं ओढावी तसा. तीन लाथा, तीन हिसडे. डॉक्टरनं विचारलं, दिवसाला किती माणसं? चार-पाच. किती वर्षं? पंचावन्न. तो कागदावर काही मांडायला लागला आणि मध्येच पेन खाली ठेवलं.

जाऊबाईंनी विचारलं, "मग लोकांचं दुखणं माझ्या डोक्यात चढत नव्हतं?"

"नाही आजी. ते तुमचंच आहे."

डॉक्टरनं मान दाबली, व्यायाम दाखवले, आणि दोन गोष्टी बजावून सांगितल्या: मान अशी वळवायची नाही, आणि फार वेळ खाली घालायची नाही. येताना जीपमध्ये गंगापूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदाच म्हणाल्या, "माझंच होतं म्हणे." एखाद्यानं पंचावन्न वर्षं दुसऱ्याचं म्हणून जपलेलं गाठोडं उघडावं आणि आत आपलीच लुगडी निघावीत, तसा आवाज होता. मानापायी मान गेली म्हणायची, असं मी बोलून बसले, आणि मग मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दारात चार माणसं होती. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं की लाथ मिळेल, पण आता मी समोर बघून मारणार. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, समोर बघून मारली तर ती लाथच झाली की. दोघं उठून गेले. तिसऱ्यानं घेतली, पण गुण आला नाही म्हणून गावभर सांगितलं. महिन्याभरात दार मोकळं झालं. लोक विडीवाल्याकडं जायला लागले, कारण तो निदान पहिल्यापासूनच बेमुर्वत होता.

डोकं मात्र उतरत गेलं. अर्ध्याचं पाव झालं, पावाचं कधी तरी झालं. नातीच्या लग्नाला जाऊबाई पुढच्या रांगेत होत्या, दोन्ही मुठीत अक्षता. पण रोजची सकाळ त्यांना खायला उठायची. डोकं दुखत नाही तर एवढ्या सकाळचं करायचं काय, असं मला विचारायच्या. खांबापाशी जाऊन उगाच उभ्या राहायच्या.

त्या दिवाळीत कारभारीभाऊ मोरीत घसरले. उसण अशी भरली की जीपमध्ये चढायचं नाव नाही. दोन दिवस पोरांच्या हातून शेक झाला, लेप झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उघड्या अंगानं ओसरीवर आले, इकडंतिकडं बघितलं, आणि कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तसं म्हणाले की अजून पाणी प्यायलो नाय.

जाऊबाई म्हणाल्या, "मी समोर बघून मारते आता. चालत असंल तर पालथे व्हा."

ते झाले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. जाऊबाईंनी खांब धरला, मान सरळ ठेवली आणि बघत राहिल्या. लई वेळ बघितलं. भाऊंनीच खालून विचारलं, मारतीस का जेवून येतीस.

"एवढा संसार झाला," त्या म्हणाल्या, "तुमच्या पाठीवर हा एवढा मोठा तीळ हाय, मला आज कळालं." आणि तीन लाथा घातल्या, एकेक नीट बघून.

भाऊ हळूहळू उठले. कंबर हलवून बघितली. बापासारखंच काही बोलतील असं वाटलं, पण ते फक्त पाय जुळवून उभे राहिले, रीतीप्रमाणं आता पाया पडायचं राहिलं होतं म्हणून. जाऊबाई खांब सोडून तशाच ताठ उभ्या.

"डॉक्टरनं मान खाली घालू नको म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या.

भाऊ आणखी थोडा वेळ तसेच पाय जुळवून उभे होते. मग म्हणाले की चहा तरी टाकायला सांग. तो मी टाकला.