गच्चीवरची बरणी

३१ डिसेंबर १९७३. गच्चीवरची बरणी उतरवायची होती. बरणी आमच्या प्रयोगशाळेची. मी तिथे हवेच्या तपासणीचं काम करायची. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत थोडं शुद्ध पाणी घालून ती महिनाभर उघड्यावर ठेवायची. आत पडलेली धूळ आणि काजळी गाळून, वाळवून वजन करायचं, पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे मोजायचे. घाटकोपरात जागा हवी होती, म्हणून मी आमच्याच इमारतीची गच्ची सुचवली.

घरचंही कारण होतं. सासूबाईंना दमा होता, थंडीत जास्त त्रास व्हायचा. बरणी ठेवली तेव्हाच नवरा म्हणाला होता, "हवा खरंच एवढी वाईट असेल तर आईला गावी थोरल्या भावाकडे ठेवू. तुझा आकडा येऊ दे, मग ठरवू." सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

एकतीसच्या संध्याकाळी कामावरून आले ती थेट वर गेले. बरणीवर आमच्या घरातली ताटली होती, ताटलीवर विटेचा तुकडा.

खाली सासूबाई विळीवर भाजी चिरत होत्या.

"आई, बरणीवर ताटली तुम्ही ठेवलीत?"

"कावळे शिटतत त्यात."

"त्यासाठी भोवती जाळी आहे."

चिरणं थांबलं नाही. "रोज सांजेक ठेवतंय. सकाळी उन्हात बसूक गेलंय की काढतंय. धूळ कमी पडली तर बरा. माका गावाक जावचा नाय. थोरल्याच्या घरात माका कोण इचारता?"

अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबणारी बाई महिनाभर रोज दोनदा गच्चीवर जात होती, आणि मला पत्ता नव्हता.

थंडीत संध्याकाळनंतर वारा पडतो, कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर खालीच साचतो. नेमकी तेव्हाच बरणी झाकलेली. अंदाजाने आकडा वाढवून देणं माझ्याने होण्यासारखं नव्हतं. महिना फुकट गेला.

नवऱ्याने बूट काढता काढताच विचारलं, "किती आलं?"

"नमुना बाद. आईंनी झाकून ठेवला होता."

तो हसला. "आई, कमाल करतेस हां तू."

"हसू नका," मी म्हटलं. "तुम्ही गावी धाडाल म्हणून त्या रोज जिना चढत होत्या."

त्याने बूट कोपऱ्यात सरकवले. मग म्हणाला, "पण हवा वाईटच असेल तर?"

"वाईटच आहे. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून बघा. बरणी त्या कारखान्यांचा धूर मोजायला आहे, आईंचं ठरवायला नाही. आईंना छातीच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि कुठे राहायचं ते त्यांना विचारायचं."

त्याने विचारलं.

"हयच," सासूबाई म्हणाल्या.

"आणि दम वाढला तर?"

"तो थयही लागतलो."

ते काही खरं नव्हतं. गावची हवा चांगली होती आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. त्या राहणार म्हणून आमची हवा सुधारणार नव्हती. मी वाद घातला नाही, नवऱ्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीच्या मालकांना विचारून कामावरून आणलेली नवी बरणी त्यांच्या गच्चीवर ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून कामावर फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि सासूबाईंना घेऊन छातीच्या दवाखान्यात रांगेला जाऊन बसले.